दाबलेली कळ आणि चालणारे पात्र

वाशिम जिल्ह्यात पुष्कळांची कीबोर्डशी पहिली गाठ पडते ती टायपिंगच्या निमित्ताने. लिपिक-टंकलेखकाची जागा हवी असेल, तर मराठीचे मिनिटाला ३० शब्दांचे किंवा इंग्रजीचे ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. त्याची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, आणि तिच्या तयारीसाठी तालुक्याच्या गावी मुले-मुली सकाळ-संध्याकाळच्या बॅचला जातात. पूर्वी रेमिंग्टनच्या किंवा गोदरेजच्या यंत्राचा खडखडाट असे, आता संगणक आहे. शिकवण मात्र तीच राहिली आहे: बोट कळेवर पडावे, लगेच उचलले जावे, आणि एक अक्षर उमटावे. कळ किती वेळ दाबून ठेवली याला टायपिंगमध्ये किंमत नाही. जास्त वेळ दाबली तर तेच अक्षर पुन्हा उमटते आणि चूक धरली जाते. ही सवय नोकरीसाठी चांगली आहे. पण तोच हात आणि तोच कीबोर्ड घेऊन कोणी ब्राउझरमध्ये छोटासा खेळ लिहायला बसला, पडद्यावरच्या एखाद्या पात्राला डावीकडे-उजवीकडे चालवू लागला, की हीच सवय आडवी येते. ही पुस्तिका त्या अडचणीपासून सुरू होते. तिचे म्हणणे थोडक्यात असे की पात्र चालवणाऱ्या प्रोग्रामने कळ दाबल्याची वर्दी मिळताच पात्र सरकवू नये. कोणत्या कळा या क्षणी दाबलेल्या आहेत याचा तक्ता ठेवावा आणि पात्राची हालचाल त्या तक्त्यावरून ठरवावी. एवढ्या एका निर्णयावर पुढच्या बहुतेक गोष्टी अवलंबून असतात. तो निर्णय चुकला की मागाहून ठिगळे लावत बसावे लागते.

नवशिक्याच्या हातून पहिला प्रोग्राम साधारण असा उतरतो. ब्राउझर प्रत्येक वेळी कळ खाली गेली की ‘कीडाउन’ नावाची वर्दी देतो. ती वर्दी आली, कळ उजव्या बाणाची निघाली, की पात्राच्या जागेत दहा पिक्सेल मिळवायचे आणि चित्र पुन्हा काढायचे. जावास्क्रिप्टच्या पाच-सहा ओळींत काम होते आणि पात्र हलतेही. पण कळ दाबून ठेवली की पाहा काय घडते. पात्र एक पाऊल टाकते, थबकते, आणि मग अचानक भराभर पावले टाकत सुटते. हे थबकणे ब्राउझरचा दोष नाही आणि संगणक जुना असल्यामुळेही ते घडत नाही. कळ दाबून ठेवली तर काही वेळाने तेच अक्षर पुन्हा पुन्हा उमटावे, ही सोय ऑपरेटिंग सिस्टीमने टायपिंगसाठी केलेली आहे. विंडोजमध्ये हा थांबा साधारण पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंत ठेवता येतो, आणि पुनरावृत्तीचा वेग सेकंदाला दोन-तीन अक्षरांपासून तीसपर्यंत. म्हणजे वर्दीवर चालणाऱ्या पात्राचा वेग खेळ लिहिणाऱ्याने ठरवलेलाच नसतो; तो त्या संगणकाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कोणी, कधी, कशासाठी ठेवलेल्या आकड्याने ठरतो. दुसरी अडचण याहून अवघड. उजवा बाण दाबलेला असताना वरचा बाण दाबला, की पुनरावृत्ती फक्त शेवटच्या कळेची चालू राहते आणि पहिलीची बंद पडते. बोटे दोन्ही बाणांवर घट्ट रोवली तरी पात्र तिरपे जात नाही, सरळ वर चढत राहते. खेळणाऱ्याला वाटते कीबोर्ड खराब आहे. कीबोर्ड चोख आहे. प्रोग्राम त्याला टाइपरायटर समजून वागवतो आहे.

खेळाला खरी गरज आहे ती बाजाच्या पेटीसारख्या वागणुकीची. भजनी मंडळात पेटी वाजवणारा पट्टी दाबून धरतो तोवर स्वर चालतो, सोडली की थांबतो, आणि तीन पट्ट्या एकदम दाबल्या तर तिन्ही स्वर एकदम वाजतात. ब्राउझरकडून हे मिळवायला फारसे काही लागत नाही. ‘कीडाउन’ आली की त्या कळेचे नाव तक्त्यात लिहायचे, ‘कीअप’ आली की खोडायचे. या दोन ठिकाणी पात्राला हातही लावायचा नाही. पात्र हलते ते निराळ्या जागी: ब्राउझर पडदा पुन्हा रंगवायच्या आधी दर वेळी ‘रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम’मधून आपल्याला हाक देतो, सर्वसाधारण पडद्यावर सेकंदाला ६० वेळा. त्या प्रत्येक हाकेला तक्ता पाहायचा, उजवी कळ आहे का, वरची आहे का, आणि त्याप्रमाणे जागा बदलायची. थबकणे गेले, कारण पुनरावृत्तीशी आता आपला संबंधच उरला नाही; तीच कळ पुन्हा तक्त्यात लिहिली तरी तक्ता बदलत नाही. तिरपी चालही आपोआप आली, कारण दोन नावे तक्त्यात एकदम राहू शकतात.

हा आग्रह एकट्या या पुस्तिकेचा नाही, हे दाखवायला दोन पुरावे पुरेसे आहेत. एमआयटीने २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या स्क्रॅचमध्ये पात्र हलवायचे दोन रस्ते आहेत. अमुक कळ दाबली गेली की सुरू होणारा एक ब्लॉक आहे, आणि कळ दाबलेली आहे का असा प्रश्न विचारणारा दुसरा. पहिल्याने हलवलेली मांजर अडखळत चालते. दुसरा ब्लॉक अखंड फिरणाऱ्या ‘फॉरएव्हर’मध्ये ठेवला की तीच मांजर सुरळीत धावते. सहावी-सातवीतले मूल दहा मिनिटांत हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावीपासून कोडिंगची ओळख करून द्यायला सांगितले आहे. ती ओळख नेमकी कशाची करून द्यावी असा प्रश्न पडलेल्या शिक्षकाला या दोन ब्लॉकांतला फरक हा एक उत्तम पाठ आहे. दुसरा पुरावा मोठ्यांच्या अवजारांतला. फेजर हे ब्राउझर-खेळांसाठीचे तयार फ्रेमवर्क घेतले, तर बाणांच्या प्रत्येक कळेला ‘इजडाउन’ नावाचा गुणधर्म मिळतो, म्हणजे ती आत्ता खाली आहे का याचे हो किंवा नाही. तक्ता त्यांनी तयार करून दिला आहे, एवढेच.

यावर पहिला आक्षेप असा येतो की फेजर आणि स्क्रॅच हे सगळे करून देत असताना मुलांना तक्ता हाताने लिहायला का लावायचे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. ज्याला फक्त खेळ हवा आहे त्याने खुशाल फेजर वापरावे. पण तयार अवजाराने उत्तर हाती दिले की प्रश्न दिसेनासा होतो, आणि पुढे तीच चूक वेगळ्या रूपात डोके वर काढते. ‘इजडाउन’ वापरून उडी लिहिली की पात्र हवेतच पुन्हा पुन्हा उडते; तेव्हा कळेची अवस्था आणि कळेची घटना यांतला फरक ज्याला ठाऊक नाही, तो इंटरनेटवर उत्तर शोधत संध्याकाळ घालवतो. शिवाय हाताने लिहिलेला तक्ता दहा-बारा ओळींचा असतो. नोटपॅड आणि कोणताही ब्राउझर एवढ्यावर तो लिहिता येतो, आणि इंटरनेट नसले तरी चालतो. ज्या प्रयोगशाळेत नेट येते-जाते, तिथे ही गोष्ट लहान नाही.

पुस्तिकेतला नमुन्याचा खेळ म्हणजे वाशिम जिल्ह्याच्या नकाशावर चालणारे एक पात्र. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. नकाशा निवडण्यामागे गावाच्या अभिमानाखेरीज एक गणिती सोयही आहे. वाशिमहून रिसोड जवळजवळ पश्चिमेला, थोडे दक्षिणेकडे झुकलेले. मानोरा पूर्वेला, जरासे उत्तरेकडे. आणि कारंजा जवळपास नेमके ईशान्येला, वाटेत मंगरूळपीर. म्हणजे वाशिमहून कारंज्याला न्यायचे तर वरचा आणि उजवा बाण एकदम दाबावा लागतो, आणि तक्त्याची परीक्षा पहिल्याच प्रवासात होते. इथे दोन गोष्टींशी विद्यार्थ्याची टक्कर होते. एक, वर्गातल्या आलेखात वाय अक्ष वर जाताना वाढतो. ब्राउझरच्या कॅनव्हासवर शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असते आणि वाय खाली येताना वाढतो. उत्तरेला जायचे तर वजा करावे लागते. हे पाठ करण्यापेक्षा एकदा पात्र मंगरूळपीरऐवजी हिंगोलीच्या दिशेने निघालेले पाहिले की चांगले लक्षात राहते. दोन, प्रत्येक दिशेला सारखाच वेग दिला, तर तिरप्या चालीत दोन्ही वेग एकत्र येतात आणि पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे पात्र दोनच्या वर्गमुळाइतक्या पटीने, म्हणजे सुमारे ४१ टक्के जास्त वेगाने धावते. कारंज्याला जाणारा रिसोडला जाणाऱ्यापेक्षा भरधाव, असा अन्याय होतो. दोन्ही कळा दाबलेल्या असताना प्रत्येक दिशेचा वेग सुमारे ०.७०७ ने गुणला की तो दूर होतो. दहावीच्या भूमितीतले प्रमेय इतक्या उघडपणे कामाला आलेले मुलांना क्वचितच पाहायला मिळते, म्हणून पुस्तिकेत त्यावर जरा जास्त पाने खर्च झाली आहेत. ती कमी करावीत असे मला वाटले नाही.

वेगाची आणखी एक बाजू आहे. दर हाकेला तीन पिक्सेल, असा हिशेब ठेवला तर ६० वेळा रंगणाऱ्या पडद्यावर पात्र सेकंदाला १८० पिक्सेल जाते. १४४ वेळा रंगणाऱ्या नव्या पडद्यावर ते ४३२ जाते, आणि धापा टाकत ३० वेळाच रंगवणाऱ्या जुन्या संगणकावर ९०. एकाच खेळाचे तीन खेळ झाले. म्हणून वेग सेकंदाच्या हिशेबात ठेवायचा आणि मागच्या हाकेपासून किती वेळ गेला त्याने गुणायचा. यात एक खोच आहे. दुसऱ्या टॅबवर गेल्यावर ब्राउझर हाका देणे थांबवतो. पाच मिनिटांनी परत आलो तर मधला वेळ पाच मिनिटांचा निघतो, आणि उजवी कळ दाबलेली असेल तर पात्र एका उडीत जिल्हा ओलांडून यवतमाळपलीकडे जाते. मधल्या वेळेला एक कमाल मर्यादा घालावी, सेकंदाचा दहावा भाग पुरे.

आता या प्रस्तावनेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांना तो फार जवळचा आहे. तक्त्यात कळेचे नाव लिहायचे असे म्हटले, पण कोणते नाव? ब्राउझर प्रत्येक वर्दीबरोबर दोन नावे पाठवतो. ‘की’ या नावाखाली त्या कळेने या घडीला कोणते अक्षर उमटेल ते येते. ‘कोड’ या नावाखाली ती कळ कीबोर्डवर कुठे बसली आहे ते येते. बाणांच्या कळांना याने फरक पडत नाही. पण डाव्या हाताने खेळण्यासाठी डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळा वापरायची रीत आहे. १९९६ च्या क्वेक या खेळात थ्रेश या नावाने गाजलेल्या डेनिस फाँग या खेळाडूमुळे ती जगभर पसरली. नवशिक्यांचे बहुतेक धडे ‘की’ तपासतात: अक्षर ए असेल तर डावीकडे, डी असेल तर उजवीकडे. आता हाच खेळ अशा संगणकावर उघडा, जिथे थोड्या वेळापूर्वी कोणी मराठी टाइप केले आहे आणि विंडोजमधला मराठी कीबोर्ड तसाच चालू राहिला आहे. तो कीबोर्ड इनस्क्रिप्ट मांडणीचा असतो. ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवली आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात ती समाविष्ट झाली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात. त्यामुळे डब्ल्यूच्या जागी दोन मात्रा उमटतात, एच्या जागी ओकार, एसच्या जागी एक मात्रा आणि डीच्या जागी हलन्ताचे, म्हणजे पाय मोडणारे चिन्ह. खेळ ए-डीची वाट पाहत बसतो, त्याच्या हाती मात्रा आणि ओकार येतात, आणि पात्र जागचे हलत नाही. पडद्यावर चुकीचा संदेश नाही, कीबोर्ड धड, प्रोग्रामही धड दिसतो. ‘की’ऐवजी ‘कोड’ तपासले असते, तर त्या जागेचे नाव मराठीतही आणि इंग्रजीतही ‘कीए’ असेच आले असते.

कोणी म्हणेल, भाषा बदलून इंग्रजी करा आणि खेळा. एवढ्यासाठी प्रोग्राम कशाला बदलायचा. ज्याला बिघाड कुठे आहे हे आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी हे उत्तर ठीक आहे. खेळायला बसलेल्या मुलाला ते ठाऊक नसते. शिवाय विंडोजमध्ये डावी आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबली की अनेक संगणकांवर भाषा बदलते, आणि धावण्यासाठी शिफ्ट वापरणाऱ्या खेळात ती जोडी चुकून दाबली जायला वेळ लागत नाही. खेळ ऐन रंगात आला असताना पात्र खांबासारखे उभे राहते. जुन्या काळी हा प्रश्न उठत नसे याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. त्या वेळचे मराठी टायपिंग फॉन्टवर चाले. पडद्यावर क दिसला तरी संगणकाच्या दृष्टीने ते इंग्रजी डीच असे. फॉन्ट फक्त त्याला क चा पोशाख चढवी. युनिकोड आल्यावर संगणकाला मराठी अक्षर खरोखर मराठी म्हणून कळू लागले. ही प्रगतीच आहे. पण तिच्याबरोबर ब्राउझरही खरे सांगू लागला की एची कळ दाबल्यावर ओकार उमटला. दोष मराठीचा नाही. जागा विचारायच्या ठिकाणी अक्षर विचारले गेले, हा दोष आहे. फ्रान्समध्ये कीबोर्डच वेगळ्या क्रमाचा असल्यामुळे तिथल्यांना हा त्रास आधीपासून आहे. आपल्याकडे कळांवर छापलेली अक्षरे सगळीकडे सारखी इंग्रजी असतात, फक्त आतली मांडणी बदलते. म्हणून जागेवर भरवसा ठेवण्याचा उपाय इथे फ्रान्सपेक्षाही नीट लागू पडतो. तिथे ‘डब्ल्यू दाबा’ ही सूचना चुकीच्या कळेकडे बोट दाखवते, इथे ती बरोबरच राहते.

‘की’ वापरण्यातला एक छुपा खड्डा इंग्रजीतही आहे. ए दाबून धरली: तक्त्यात लहान ए लिहिले गेले. आता शिफ्ट दाबली आणि मग ए सोडली: ‘कीअप’बरोबर मोठ्या लिपीतले ए आले. तक्त्यातून मोठे ए खोडले जाते, जे तिथे नव्हतेच, आणि लहान ए कायमचे राहते. बोट उचलले तरी पात्र डावीकडे चालत जाते आणि नकाशाच्या कडेला जाऊन आदळते. सगळी अक्षरे लहान करून घ्यावीत असा उपाय धड्यांत सापडतो, आणि इंग्रजीपुरता तो चालतो. मात्र दाबणे आणि सोडणे यांच्या मधे भाषा बदलली तर तोही हात टेकतो. ‘कोड’ला शिफ्टची किंवा भाषेची तमा नसते. जुन्या धड्यांत भेटणारा ‘कीकोड’ हा आकडा मात्र नव्या कामात घेऊ नये; मानकाने तो कालबाह्य ठरवला आहे आणि ब्राउझर-ब्राउझरांत त्याचे वागणे एकसारखे नव्हते.

तक्त्याच्या बाजूने इतके बोलल्यावर त्याच्या विरुद्धचे दोन मुद्दे सांगणे भाग आहे. पहिला असा की सगळ्या खेळांना तक्ता नको. चौकटी-चौकटीने सरकणारे खेळ, उदाहरणार्थ २०४८ किंवा बुद्धिबळ, यांत एका दाबण्याला एकच चाल हवी असते. तिथे टायपिंगवाली रीतच बरोबर, फक्त पुनरावृत्तीची वर्दी ‘रिपीट’ या खुणेवरून ओळखून सोडून द्यायची. दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. तक्ता आपण दर हाकेलाच पाहतो. दोन हाकांच्या मधल्या वेळात कळ दाबून सोडलीही गेली, तर तक्त्यात तिचा मागमूस राहत नाही. ६० च्या गतीने दोन हाकांमध्ये जेमतेम १७ मिलिसेकंद असतात आणि माणसाचे बोट इतके चपळ क्वचितच असते. पण संगणक दमलेला असेल आणि हाका सेकंदाला दहाच येत असतील, तर उडीसाठी मारलेली टिचकी खरोखर हरवते. २०१४ पासून क्रोमच्या नेट नसल्याच्या पानावर धावणारा डायनासोर सगळ्यांनी पाहिला आहे. तशा खेळात एक टिचकी हरवणे म्हणजे निवडुंगावर आदळणे. म्हणून उडीसारख्या क्रियांसाठी दुसरी छोटी नोंद ठेवावी लागते: मागच्या हाकेनंतर ही कळ नव्याने दाबली गेली का. ती वाचली की पुसायची. चालणे अवस्थेवर, उडी घटनेवर. दोन्ही नोंदी एकाच ‘कीडाउन’मधून भरतात. याने मूळ म्हणणे मोडत नाही. वर्दी आली तरी पात्र तिथल्या तिथे हलवायचे नाही, हा नियम उडीलाही लागूच राहतो.

मोबाइलचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. गावोगावी मुलांच्या हाती फोन आहे, कीबोर्ड शाळेत किंवा क्लासमध्येच. मग कीबोर्डच्या खेळाचा खटाटोप कशाला? उत्तर तक्त्यातच आहे. तक्त्यात कळांची नावे न ठेवता इराद्यांची ठेवली, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, तर तो इरादा कळेने भरला की पडद्यावर काढलेल्या बटणावरच्या बोटाने, याच्याशी पात्राला देणेघेणे उरत नाही. पात्र चालवणारा भाग एक अक्षर न बदलता फोनवर चालतो. वर्दीत पात्र सरकवणाऱ्या प्रोग्रामला मात्र फोनसाठी सगळे पुन्हा लिहावे लागते, कारण बोट टेकवून धरले तर कीबोर्डसारखी पुनरावृत्ती तिथे येतच नाही. ज्यांना ठरावीक कळा दाबणे शारीरिकदृष्ट्या जमत नाही, त्यांच्यासाठी कळा बदलून देण्याची सोयही याच रचनेत दोन ओळींत बसते.

किरकोळ पण टाळता न येणाऱ्या बाबी पुढच्या प्रकरणांत सविस्तर आल्या आहेत. बाण दाबल्यावर पान वर-खाली सरकू नये म्हणून ब्राउझरची नेहमीची कृती थांबवावी लागते, पण फक्त खेळाच्या कळांपुरती. सरसकट थांबवली तर पान ताजे करायची कळही बंद पडते आणि विद्यार्थी अडकून बसतो. खिडकी बदलली की ‘कीअप’ आपल्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून खिडकीचे लक्ष गेले की पूर्ण तक्ता रिकामा करायचा. डावी आणि उजवी एकदम दाबली तर उभे राहायचे की शेवटी दाबलेलीचे ऐकायचे, हे खेळ लिहिणाऱ्याने ठरवावे. मला उभे राहणे बरे वाटते. खेळणाऱ्याला आपली चूक लगेच कळते.

एका अडचणीला प्रोग्राममध्ये इलाज नाही आणि ती शाळेतच जास्त भेटते. एका संगणकावर दोघे बसले की एकाला बाण आणि दुसऱ्याला डाव्या हाताच्या चार कळा, अशी वाटणी आपोआप होते. स्वस्त कीबोर्डच्या पोटात प्रत्येक कळेला स्वतंत्र तार नसते. कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या, की चौथ्या कोपऱ्यावरची कळही दाबल्यासारखी भासते. तो घोटाळा टाळण्यासाठी कीबोर्ड अनेकदा तिसरी कळ पाठवतच नाही. दोघेही तिरपे चालले की चार कळा दाबलेल्या असतात, आणि एकाचे पात्र मधेच अडते. भांडण ठरलेले. कोणत्या जोड्या गिळल्या जातात हे कीबोर्डागणिक वेगळे असते. तक्ता पडद्यावर छापून, दोघांनी कळा दाबून, ते आधीच पाहून घ्यावे आणि त्यानुसार कळा निवडाव्यात. शिफ्ट, कंट्रोल आणि आल्ट यांना बहुधा ही बाधा होत नाही, म्हणून उडीसाठी त्या मोहात पाडतात. पण शिफ्ट पाच वेळा ओळीने दाबली की विंडोज स्टिकी कीजची खिडकी पुढे आणते, आणि आल्टचे भाषेशी असलेले नाते वर आलेच आहे.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. पहिले प्रकरण संपले की खेळ घरच्या किंवा नव्या लॅपटॉपवर तपासून समाधान मानू नका. प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या संगणकावर, मराठी कीबोर्ड चालू ठेवून, दोघांनी मिळून पात्र वाशिमहून कारंज्याला न्या. वाटेत ते अडले, तर आधी तक्ता पडद्यावर छापा आणि कोणती कळ त्यात नाही किंवा कोणती उगाच राहिली आहे ते पाहा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडेल.